गो-वेन्ट-गॉनच्या पलीकडे

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजीतला भूतकाळ विचारला, तर त्याला नियम आठवत नाही, चाल आठवते. 'गो-वेन्ट-गॉन, डू-डिड-डन, ईट-एट-ईटन.' व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी छापलेला तीन रकान्यांचा तक्ता पाढ्यांसारखा घोकून घ्यायचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्यांनी तो घोकला आणि 2000 साली इंग्रजी विषय पाचवीतून पहिलीत आला, त्यानंतरच्या मुलांनीही घोकला. पण तक्ता न अडखळता म्हणणारा माणूसच पुढच्या क्षणी 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे' असे बोलून जातो. त्यातला 'गॉन' अचूक, 'हॅड' अचूक, आणि वाक्य चुकलेले.

साध्या भूतकाळाचे दोन प्रश्न आहेत: रूप कसे करायचे आणि ते कधी वापरायचे. पहिल्यावर शाळेचे तास जातात. मराठी माणसाच्या खऱ्या अडचणी मात्र बहुतेक दुसऱ्यात असतात.

आधी रूपाचे पाहू, कारण ते वाटते त्याहून सोपे आहे. मराठीत पुरुष 'गेलो' म्हणतो, बाई 'गेले' म्हणते. तू गेलास, ती गेली, ती मुलं गेली. क्रियापद सकर्मक असले की ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे लागते: रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. इंग्रजीत या सगळ्यांना एक 'वेन्ट' आणि एक 'एट' पुरतो. लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. अपवाद एकच, 'वॉज' आणि 'वेअर'चा. मराठी शिकायला बसलेल्या इंग्रजाला जो घाम फुटेल, त्याच्या निम्माही मराठी माणसाला इथे फुटायचे कारण नाही.

नियमित क्रियापदाला शेवटी 'ईडी' ही दोन अक्षरे लागतात. लिहिताना रूप एकच, उच्चार मात्र तीन. धातूच्या शेवटी अघोष ध्वनी असेल तर 'ट्': वॉक्ट, लाफ्ट, वॉश्ट. घोष व्यंजन किंवा स्वर असेल तर 'ड्': रब्ड, कॉल्ड, प्लेड. आणि शेवट ट किंवा ड असेल तरच जादा अवयव येतो: वॉन्टिड, नीडिड. हे वेगळे पाठ करायची गरज नाही. संस्कृत संधी शिकलेल्याला वाक् आणि देवी मिळून वाग्देवी का होते ते ठाऊक असते. घोषाशेजारी घोष, अघोषाशेजारी अघोष, हाच न्याय. फरक इतकाच की तिथे आधीचा ध्वनी बदलतो, इथे मागून आलेला. वर्गात मात्र ध्वनी न शिकवता स्पेलिंग शिकवले जाते, आणि मग 'जम्पेड', 'वॉचेड' असे उच्चार ऐकू येतात.

अशा उच्चारांची पाठराखण करायला एक मोठा माणूस मिळू शकला असता. जुन्या इंग्रजीत या प्रत्ययाचा स्वर खरोखरच उच्चारला जात असे. तो गळू लागला तेव्हा 'गलिव्हर'चा लेखक जोनाथन स्विफ्ट चिडला. 1712मध्ये अर्ल ऑफ ऑक्सफर्डला उद्देशून लिहिलेल्या, इंग्रजी सुधारण्याच्या प्रस्तावात त्याने 'डिस्टर्ब्ड', 'रिब्यूक्ड' असल्या आखूड रूपांवर आणि व्यंजनांच्या खडखडाटावर कोरडे ओढले. भाषेने त्याचे ऐकले नाही. तो जुना स्वर आता 'ब्लेसिड', 'बिलव्हिड', विद्वान या अर्थाचा 'लर्निड' अशा काही विशेषणांत तेवढा टिकून आहे.

तक्त्यातल्या अनियमित मंडळींना शाळेत 'यांना नियम नाही' म्हणून ओळख करून दिली जाते. त्यांना नियम होते. ते नियम म्हातारे झाले. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम हा मोठा व्याकरणकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने जर्मानिक भाषांतल्या क्रियापदांचे सबळ आणि दुर्बळ असे दोन गट पाडले. सबळ ती, जी आतला स्वर बदलून भूतकाळ करतात: सिंग-सँग, राइड-रोड, गिव्ह-गेव्ह. दुर्बळ ती, ज्यांना बाहेरून द-त असा टेकू लागतो. जुन्या इंग्रजीत सबळ क्रियापदांचे सात वर्ग होते आणि प्रत्येकाची स्वर बदलण्याची पद्धत ठरलेली होती.

तक्त्यातल्या सगळ्याच अनियमित रूपांची जात सबळ नाही. 'बॉट', 'थॉट', 'टॉट' ही दुर्बळच. शेवटचा 'ट' त्यांचा प्रत्यय आहे, आतली मोडतोड वेगळ्या कारणांनी झाली. 'कीप-केप्ट', 'स्लीप-स्लेप्ट' यांत दोन व्यंजनांपुढे मूळचा दीर्घ स्वर आखूड झाला, एवढेच. तीन रकाने वर्णानुक्रमे लावण्याऐवजी असे ध्वनीच्या गटांनी लावले, तर घोकंपट्टी निम्म्याने कमी होईल. काही पुस्तके तसे करतातही. बरीच करत नाहीत.

सबळ क्रियापदांचा स्वरबदल मराठी वाचकाला परका वाटू नये, कारण तो संस्कृत व्याकरणातल्या 'गुण' या स्वरबदलाचा भाऊबंद आहे. 'विद्' धातूचे 'वेद' म्हणजे मी जाणतो आणि 'विद्म' म्हणजे आम्ही जाणतो. जुन्या इंग्रजीत याच धातूची याच अर्थाची रूपे होती 'वात' आणि 'वितोन'. एकवचनात एक स्वर, अनेकवचनात दुसरा. इंडो-युरोपीय मूळ भाषेतल्या ज्या रूपावळीतून संस्कृतचा 'वेद' आला, तिच्यातूनच जर्मानिक भाषांचा सबळ भूतकाळ घडला.

'वॉज'मधला स आणि 'वेअर'मधला र यांचे कोडे तर वेदपाठामुळे सुटले, असे म्हटले तरी चालेल. एकाच धातूच्या रूपांत कुठे एक व्यंजन आणि कुठे दुसरे का येते, याने भाषाशास्त्रज्ञ हैराण झाले होते. कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1877मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले की हा फरक प्राचीन आघाताच्या जागेवर ठरतो. युरोपच्या उत्तरेकडच्या भाषांतून तो आघात पुसला गेला होता; वैदिक संस्कृतच्या उदात्त स्वरांत त्याचा पुरावा शाबूत होता. 'बी' हे क्रियापद मुळात तीन धातूंची गोधडी आहे: 'ॲम' आणि 'इज' हे अस् धातूचे नातलग, 'बी' भूचा, 'वॉज' वस्‌चा. 'गो'चा भूतकाळही असाच उसना आहे. 'वेन्ट' हा खरे तर 'वेन्ड' या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ. 'गो'चे स्वतःचे जुने जोडीदार रूप मागे पडले आणि त्याने ही जागा बळकावली.

सबळ नाव मिळाले तरी या क्रियापदांची पीछेहाट चालूच आहे. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी स्वर बदलून होई, 'क्लाइम्ब'चाही. आज दोघांना ईडी लागते. एरेझ लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007मध्ये 'नेचर' नियतकालिकात याचा हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे त्यांनी घेतली. त्यांतली मध्ययुगीन इंग्रजीत 145 अनियमित उरली आणि आजच्या इंग्रजीत 98. गळतीचा वेग वापरावर ठरतो: जे क्रियापद शंभरपट कमी वापरले जाते ते दहापट वेगाने नियमित होते. म्हणूनच आज अनियमित क्रियापदे एकूण क्रियापदांच्या तीन टक्क्यांहूनही कमी असली, तरी सर्वाधिक वापरातली दहाच्या दहा अनियमित आहेत: बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट. जी रूपे रोज तोंडात येतात ती विसरायला सवडच मिळत नाही. पुढचा बळी 'वेड' म्हणजे लग्न करणे हा असेल, असे भाकीतही त्या निबंधात आहे.

प्रवाह कधी उलटाही वाहतो. 1611च्या बायबलच्या भाषांतरात विहिरी खणल्या जातात त्या 'डिग्ड'ने; आज 'डग' सोडून दुसरे रूप कोणी लिहिले तर शिक्षक लाल रेघ ओढतील. 'वेअर-वोअर' हेही मूळचे नियमित. 'स्नीक'चा 'स्नक' अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात उगवला आणि शुद्धतावाद्यांच्या नाकावर टिच्चून रुळला. नवी क्रियापदे मात्र ईडीच्याच दाराने आत येतात: गूगल्ड, टेक्स्टेड, ट्वीटेड.

मुले हे सगळे कसे शिकतात, हा प्रश्न भाषाशास्त्रातून निघून मानसशास्त्रात आणि तिथून संगणकशास्त्रात गेला. जीन बर्को यांनी 1958मध्ये लहान मुलांपुढे चित्रे ठेवून बनावट शब्द उच्चारले. एका चित्रातला माणूस 'रिक' करतो. काल त्याने तेच केले. तर काल त्याने काय केले? मुलांनी 'रिक्ट' असे उत्तर दिले. हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, म्हणजे ती नुसते ऐकलेले परत म्हणत नव्हती, नियम चालवत होती. आधी 'वेन्ट' बरोबर म्हणणारे मूल मध्येच 'गोड' म्हणू लागते, हेही त्यामुळे समजते. गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी 1992मध्ये 83 मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा चुकांचे प्रमाण मध्यकाने अडीच टक्केच भरले. आईवडिलांच्या कानात मात्र त्याच राहतात.

मग 1986 आले. डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅकक्लेलँड यांनी संगणकावरच्या एका कृत्रिम चेताजाळ्याला इंग्रजी क्रियापदांच्या जोड्या दाखवल्या; कोणताही नियम न सांगता ते बरेचसे भूतकाळ बरोबर काढू लागले. नियम नावाची वस्तू मेंदूत असतेच कशाला, असा त्याचा रोख होता. 1988मध्ये स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी त्यावर सविस्तर हल्ला चढवला. त्यांच्या हाती असलेली उदाहरणे मासलेवाईक होती: त्या जाळ्याने 'मेल'चा भूतकाळ चक्क 'मेम्बल्ड' काढला होता. पिंकर यांचे म्हणणे असे की अनियमित रूपे स्मरणात साठवलेली असतात आणि नियमित रूपे नियमाने घडतात. बेसबॉलमध्ये उंच फटका मारून झेलबाद झालेल्याला 'फ्ल्यू आउट' नव्हे तर 'फ्लाइड आउट' म्हणतात, कारण ते क्रियापद उडण्यावरून थेट आलेले नाही, 'फ्लाय' या नामावरून बनलेले आहे. स्मरणातले 'फ्ल्यू' तिथे पोहोचत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही. आजची भाषा बोलणारी यंत्रे त्या 1986च्या जाळ्याचीच दूरची वंशज आहेत, एवढे लक्षात घेतले तरी एका प्रत्ययावरून इतकी शाई का सांडली, ते कळते.

रूपाच्या बाबतीत मराठी विद्यार्थी खरा अडकतो तो 'डिड'पाशी. 'आय डिड नॉट वेन्ट' ही चूक हुशार मुलेही करतात आणि ती निष्काळजीपणाची नसते. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेलो नाही' या दोन्हींत 'गेलो' तसाच राहतो; नकार मागून येऊन चिकटतो. इंग्रजीत भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच पडते, आणि 'डिड' आले की ती खूण तेच उचलते. मुख्य क्रियापद मोकळे होते. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सॉ यू द किंग' असे थेट विचारता येत असे आणि 'आय सॉ नॉट' असे नाकारता येत असे. मराठी मुलाला ते सोयीचे पडले असते. सोळाव्या-सतराव्या शतकांत मदतीच्या 'डू'चा जोर वाढत गेला आणि ती वाट बंद झाली. कर्ताच विचारायचा असेल तेव्हा मात्र 'डिड' लागत नाही: 'हू केम', 'व्हॉट हॅपन्ड'. ही बारीक गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते.

आता वापर. भूतकाळ म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, ही व्याख्या खरी आहे आणि निरुपयोगीही. 'आय हॅव ईटन'मध्येही खाणे होऊन गेलेलेच असते. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947मध्ये सुचवलेली मांडणी इथे कामी येते. काळ समजायला तीन बिंदू लागतात: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि ज्या ठिकाणाहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. साध्या भूतकाळात पाहण्याचा क्षण घटनेजवळ, मागे असतो. 'हॅव'च्या रूपात तो बोलण्याच्या क्षणी, आत्ता असतो. 'हॅड'च्या रूपात तो दोघांच्या मध्ये असतो. घटना त्याच्याही मागे.

बार्बरा पार्टी यांनी 1973मध्ये यात आणखी एक भर घातली: साधा भूतकाळ सर्वनामासारखा वागतो. सहलीला निघालेली बाई घाटात पोहोचल्यावर दचकून म्हणते, 'आय डिडन्ट टर्न ऑफ द गॅस.' आयुष्यात कधीच गॅस बंद केला नाही, असे तिला म्हणायचे नसते. घरातून निघतानाचा तो ठरावीक वेळ तिच्या आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. 'तो' म्हटल्यावर कोण ते कळावे, तसा. साध्या भूतकाळाला अशी वेळ लागते, मग ती 'यस्टरडे'ने सांगितलेली असो की न सांगता समजलेली. म्हणूनच 'टिळक रोट गीतारहस्य इन मंडाले' बरोबर आणि 'टिळक हॅज रिटन' चूक. मंडालेच्या तुरुंगाचा काळ केव्हाच संपला.

या मांडणीवर मराठी ठेवून पाहिली की नेमकी गाठ सापडते. 'काल मी पुण्याला गेलो' असे कोणी म्हटले, तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो. गोष्ट सुरू झाली असे त्याला वाटते. नुसती माहिती द्यायची असेल, जाऊन परत आलो असे सांगायचे असेल, तर मराठी माणूस सहज 'गेलो होतो' म्हणतो. तो 'होतो' तसाच उचलून इंग्रजीत आला की 'हॅड गॉन' तयार होते. इंग्रज ऐकणारा मात्र वाटच पाहत राहतो: कशाच्या आधी गेला होतास? त्याच्या भाषेत 'हॅड'ला दुसरी एक भूतकाळातली घटना जोडीला हवी. ही लकब मराठी माणसापुरती नाही. हिंदीतल्या 'गया था'मुळे ती भारतभरच्या इंग्रजीत पसरली आहे.

दुसरी गाठ 'आहे'ची. 'मी त्याला काल पाहिलं आहे' हे मराठीत खपते. इंग्रजीत 'हॅव सीन' आणि 'यस्टरडे' एका वाक्यात नांदत नाहीत. आणि उलट बाजूने, मराठीचा साधा भूतकाळ इंग्रजीपेक्षा ऐसपैस आहे. 'जेवलास का?' 'हो, जेवलो' यांत ब्रिटिश माणूस दोन्हीकडे 'हॅव' घालील. काम संपले की चालू आहे, हाही फरक याच दोन रूपांत दडलेला असतो. 'माय फादर वर्क्ड इन द रेल्वेज फॉर थर्टी इयर्स' म्हणजे वडील निवृत्त झाले. 'हॅज वर्क्ड' म्हणजे अजून नोकरीत आहेत. मुलाखतीत ही गल्लत झाली तर समोरच्याचा गैरसमज होतो, आणि त्याला व्याकरणाची चूक म्हणून कोणी ओळखतही नाही.

सवयीच्या भूतकाळाचे तसेच. 'आम्ही रोज नदीवर जायचो' याचे 'वी वेअर गोइंग टू द रिव्हर डेली' असे भाषांतर घाऊक ऐकू येते. इथे नुसता 'वेन्ट' पुरतो. हवे तर 'यूज्ड टू गो'. मराठी 'जात असे' सोडून 'वेन्ट'सारख्या उघड्याबोडक्या रूपावर विश्वास ठेवणे शिकणाऱ्याला जड जाते.

गंमत वाढते ती भूतकाळ भूतकाळासाठी नसतो तेव्हा. इंग्रजी त्याचा वापर अंतर दाखवायला करते. 'आय विश आय न्यू' म्हणजे मला माहीत नाही; 'इफ आय हॅड अ कार' म्हणजे गाडी नाही; 'इट्स टाइम यू वेन्ट टू बेड' म्हणजे तू अजून झोपलेला नाहीस. मराठी भूतकाळ नेमका उलटा, खात्री दाखवायला वापरते. लांबवर दिसलेली एसटी 'आली!' होते, निघायच्या आधीच माणूस 'आलोच' म्हणतो, आणि ठेच लागायच्या बेतात असतानाच 'मेलो' ओरडतो. अदबीच्या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे. 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग' आणि 'तुमच्याकडे जरा एक काम होतं' ही वाक्ये बोलणारी माणसे दोन खंडांतली असली, तरी दारात उभी राहण्याची त्यांची ढब एकच.

चुकांचे पीक येते ते 'तर'च्या वाक्यात. 'पाऊस पडला तर मी येणार नाही' या रोजच्या मराठी वाक्यातला 'पडला' विद्यार्थी इमानदारीने 'रेन्ड' करतो आणि 'इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम' लिहून येतो. इंग्रजीत खऱ्याखुऱ्या शक्यतेला वर्तमानकाळ लागतो, 'इफ इट रेन्स'. 'रेन्ड' वापरले की शक्यता दूरची होते आणि पुढे 'विल'च्या जागी 'वुड' मागते. या एका वाक्यावर दोन तास घालवले तर ते तक्त्यावरच्या दहा तासांहून जास्त कामाला येतील. ते घालवण्यासाठी शिक्षकाला मराठीचे व्याकरणही इंग्रजीइतकेच बारकाईने माहीत हवे, आणि इथेच बहुधा घोडे पेंड खाते.

शिकणाऱ्याची पंचाईत वाढवणारा एक भाग इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या भांडणाचा आहे. ब्रिटनमध्ये 'लर्न्ट', 'बर्न्ट', 'स्पेल्ट' चालतात. अमेरिका सर्रास ईडी लावते. 'ट्रॅव्हल्ड' लिहिताना ब्रिटनमध्ये दोन एल, अमेरिकेत एक. पण स्पेलिंगपेक्षा वापरातला फरक मोठा. 'आय ऑलरेडी एट', 'डिड यू फिनिश यट', 'शी जस्ट लेफ्ट' ही वाक्ये अमेरिकन बोलण्यात अगदी सरळ आहेत. ब्रिटिश वळणाची पुस्तके तिथे 'हॅव' आणि 'हॅज'च मागतात. आपल्याकडची पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची, आणि मुलांचे कान अमेरिकन मालिकांवर वाढलेले. 'ऑलरेडी एट' लिहिणाऱ्या मुलाने तक्ता पाठ केला नाही असे समजून त्याचा गुण कापला जातो, तेव्हा त्याने ते वाक्य कुठे ऐकले, हे विचारले तर वर्गाला एका तासाची सामग्री मिळेल.